सतरा नंबरचं वर्तुळ

लेकीनं अकरावीच्या फॉर्मवर समाजशास्त्रापुढे टिक केली तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. सांगलीच्या एका कॉलेजात मी चौदा वर्षं तोच विषय शिकवला होता. नवऱ्याला जबल अलीतल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत चांगली जागा मिळाली, लेक नववीत जाणार होती, आणि आम्ही सगळं आवरून दुबईला आलो. अल कुसैसमधल्या एका बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावर घर मिळालं. नवऱ्याला ऑफिस मिळालं, लेकीला शाळा मिळाली. मला बाल्कनी मिळाली, तिच्यातून समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कन्या दिसायच्या.

मी नोकरीसाठी अर्ज केले नाहीत असं नाही. शाळांना बी.एड. हवं होतं, ते माझ्याकडे नव्हतं, आणि कॉलेजांना मी नको होते. वर्षभरानं मी अर्ज करायचं सोडून दिलं. सकाळी सहाच्या आत नवरा निघायचा, पावणेसातला लेकीची बस यायची. त्यानंतर दुपारी तीनपर्यंत माझ्याशी बोलणारा माणूस एकच, खालच्या ग्रोसरीचा मालक. फोनवर तो विचारायचा, "भाभी, दूध भी भेजूं?" मी उगाच कोथिंबिरीचा भाव विचारून ते बोलणं लांबवायची. कोथिंबीर घरात असायची. लिफ्टमध्ये बायका हसायच्या आणि मोबाइलमध्ये बघायच्या. मराठी लोकांच्या हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी विचारायचं, तुम्ही काय करता? मी म्हणायचे, शिकवायचे. त्या भूतकाळापुढे कोणाला काही विचारायचं नसायचं, तिळगूळ पुढे सरकायचा. मला फार एकटं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायला तसं कोणी नव्हतंच.

त्यामुळे ऑक्टोबरात लेकीनं प्रोजेक्टचा विषय सांगितला तेव्हा माझ्या अंगात आलं. शाळांमध्ये होणारे गोळीबार आणि त्यांची समाजशास्त्रीय कारणं. परदेशातल्या एका शाळेत तसं काही घडल्याची बातमी त्या आठवड्यात सगळीकडे होती, आमच्या शाळेनंही पालकांना सुरक्षेबद्दल एक सर्क्युलर पाठवलं होतं. वर्गात चर्चा झाली. बाईंनी सांगितलं, कुठलाही सामाजिक प्रश्न निवडा, आणि हिनं हा निवडला. नवरा म्हणाला, "अगं, काहीतरी साधं घे की. जॉइंट फॅमिली वगैरे." मी त्याला गप्प केलं.

पुढचे पंधरा दिवस मी जेवणाच्या टेबलाचा वर्ग केला. लेक शाळेतून आली, काही खाल्लं, की मी तयारच असायची. मी मराठीत शिकवायची, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि आमचं बरं चालायचं. मी तिला सांगितलं की असं काही घडलं की लोकांना एकच कारण हवं असतं. मुलगा वेडा होता, गेम खेळायचा, आईचं लक्ष नव्हतं. एक कारण सापडलं की बाकीचे मोकळे होतात. समाजशास्त्र तसं करत नाही. ते मुलाच्या आजूबाजूला बघतं. छोटं गाव, सगळे एकमेकांना बालवाडीपासून ओळखतात, आणि शाळा ही एकच जागा जिथे तुमची किंमत ठरते. तिथे जो कडेला पडला तो कायमचा कडेला. तो अगदी एकलकोंडा असतोच असंही नाही. पुष्कळदा तो पुन्हा पुन्हा कोणाच्या तरी जवळ जायला बघतो आणि पुन्हा पुन्हा परत पाठवला जातो.

"मग टीचर्सना कळत नाही?" हे तिनं चक्क मराठीत विचारलं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मी खूश होऊन सांगितलं की हाच तर मुद्दा आहे. गणिताच्या सरांना थोडं माहीत असतं, खेळाच्या सरांना थोडं, ग्रंथपालाला थोडं. सोबतच्या मुलांना तर सगळ्यात जास्त. पण हे तुकडे कोणी एका जागी ठेवत नाही. वर्ष संपतं, वर्ग बदलतो, नवे शिक्षक पाटी कोरी धरून सुरुवात करतात. त्यात हाताशी बंदूक असावी लागते, पुरुषानं अपमान कसा धुऊन काढायचा याच्या आयत्या कल्पना असाव्या लागतात. हे सगळं एकत्र आलं तरच. आणि एक लक्षात ठेव, मी बोट वर करून म्हणाले, एकटी पडलेली बहुतेक सगळी मुलं आयुष्यात कोणाला बोट लावत नाहीत. त्यांना नुसता त्रास होतो. तिनं ते लिहून घेतलं.

नुसतं वाचून लिहिलेलं प्रोजेक्ट मला पटेना. सांगलीला मी दर वर्षी पोरांकडून वर्गाचा नकाशा काढून घ्यायची. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची, कोणाशेजारी बसायला आवडेल अशी तीन नावं लिहायला सांगायची. मग प्रत्येकाचं एक वर्तुळ काढायचं आणि निवडीचे बाण. ज्याच्याकडे खूप बाण येतात तो वर्गाचा लाडका. ज्याच्याकडे एकही येत नाही त्याला आमच्या भाषेत आयसोलेट म्हणतात. मी लेकीला म्हटलं, तुमच्या वर्गाचा काढ, चोवीसच तर आहात. प्रश्न मीच तयार करून दिला: डेझर्ट सफारीला गेलो तर गाडीत तुला कोण कोण शेजारी हवं? नियमही बजावले. नकाशावर नावं लिहायची नाहीत, चिठ्ठ्या टाकून नंबर द्यायचे, कुठला नंबर कोणाचा ती यादी वेगळ्या कागदावर, आणि ती मलासुद्धा दाखवायची नाही.

शाळेची परवानगी घ्यायला हवी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. या देशात भिंतीला भोक पाडायलाही मालकाची एनओसी लागते, आणि मी अजून सांगलीच्या स्टाफरूममध्येच बसले होते.

तिनं एका ऑफ पिरियडला चिठ्ठ्या गोळा केल्या. दोन दिवसांनी टेबलावर मोठा कागद पसरला. चोवीस वर्तुळं, सगळीकडे बाण, रेषा सुबक. माझ्या पोरांनी असा नकाशा कधी काढला नव्हता. आणि उजव्या कोपऱ्यात सतरा नंबर. त्याच्याकडे एकही बाण जात नव्हता.

"वा!" मी म्हणाले. "आयसोलेट सापडला की तुला. इतका स्वच्छ सहसा मिळत नाही, कोणीतरी दयेनं का होईना एखादा बाण देतंच. याला लाल कर. लाल रंगातच दाखवतात."

"येस, गॉट वन," ती म्हणाली, आणि लाल पेन घेऊन तिनं सतरा नंबरचं वर्तुळ दोनदा गिरवलं.

मी सतरा नंबर म्हणजे मुलगाच धरून चालले होते. त्या पंधरा दिवसांत मी इतकं वाचलं होतं की असली सगळी मुलं मला मुलगेच दिसायची, मान खाली घालून चालणारे, हूड ओढलेले. ती कागद गुंडाळायला लागली तेव्हा माझ्यातली प्राध्यापक संपली आणि आई बोलली.

"नाव सांगू नकोस, नियम म्हणजे नियम. पण त्या सतरा नंबरपासून जरा लांबच बसत जा हं."

तिनं पेनाला टोपण लावलं. "ओके," म्हणाली.

सोमवारी दुपारी लेकीच्या बसमधल्या मुलांच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोटो आले. मी त्या ग्रुपवर होते, पण बस लेट आहे का एवढंच विचारण्यापुरती. पहिल्या फोटोत आमचा नकाशा होता, लाल वर्तुळासकट, वर लेकीच्या सुरेख अक्षरात 'स्कूल शूटिंग्ज'. दुसऱ्या फोटोत नावांची यादी, पहिल्या बारांपर्यंतच, खालचं कापलं गेलेलं. बसमध्ये हिची फाइल उघडी होती आणि कोणीतरी टिपली होती. ग्रुपची ॲडमिन एक दिल्लीची बाई होती. तिच्या मुलीचं नाव यादीत चौथं होतं. तिनं लिहिलं, ही हिट लिस्ट आहे, माझ्या मुलीचं नाव यात आहे, कोणाला काही कळतंय का?

मी लगेच लिहायला हवं होतं. पण मी नीट, मुद्देसूद लिहायच्या नादात वीस मिनिटं घालवली, आणि तेवढ्यात ग्रुप पेटला होता. सगळ्यांचा एकच प्रश्न: हा लाल सतरा नंबर कोण? यादीत मुलाचं नाव न दिसलेल्या प्रत्येकीला तो आपलाच मुलगा वाटत होता, आणि लाल म्हणजे पहिली गोळी त्याला असा अर्थ आपोआप लागला होता. माझ्या लांबलचक खुलाशाखाली कोणीतरी फक्त लिहिलं, "तुमची मुलगी शांत असते ना फार?"

संध्याकाळी शाळेचा फोन आला. उद्या सकाळी नऊ वाजता, दोघींनी. तोपर्यंत मुलीनं वर्गात बसायचं नाही.

नवरा घरी आला तो पांढरा पडूनच. इथे पोलिसांपर्यंत गोष्ट गेली तर व्हिसाचं काय, वर्षाच्या मध्ये शाळेनं दाखला हातात दिला तर दुसरी शाळा कोण घेणार, सगळं त्यानं एका दमात मोजून दाखवलं. "हे बघ, उद्या लेक्चर देऊ नकोस," तो म्हणाला. "सॉरी म्हणायचं, माफीचा मेल टाकायचा, खलास. इथे राइट-राँग कोणी बघत नाही गं." त्याचं चुकत नव्हतं. लेक तिच्या खोलीत होती. मी दारातून म्हणाले, घाबरू नकोस, तू सगळं नियमानं केलंयस. ती म्हणाली, आय नो.

दुसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सीनं गेलो. गाडी मला येत नाही. रोड टेस्टमध्ये दोनदा नापास झाल्यावर मी तोही नाद सोडला होता. सुपरवायझर बाईंच्या खोलीत त्या स्वतः होत्या, शाळेच्या समुपदेशक होत्या, आणि पालकांच्या वतीनं ॲडमिन बाई. टेबलावर आम्ही नेलेला नकाशा पसरलेला होता. यादीचा कागद लेकीकडे होता, तिनं तो मागूनही दिला नव्हता.

सॉरी म्हणायचं ठरवून गेले होते. म्हणालेही. मग सुपरवायझर बाईंनी नकाशाकडे बोट करून विचारलं, हे नेमकं आहे तरी काय? आणि मला राहवलं नाही. मी उभी राहिले. वर्तुळं म्हणजे काय, बाण म्हणजे काय, लाल का, चौदा वर्षं हे कसं करून घेतलं, सगळं सांगितलं. हिंदीत अडलं तिथे इंग्रजी, इंग्रजीत अडलं तिथे हिंदी. शाळेसारख्या संस्थेत माहितीचे तुकडे कसे विखुरतात तेही सांगितलं. समुपदेशक बाई वहीत उतरवून घेत होत्या. सुपरवायझर मान हलवत होत्या. खरं सांगते, मला मजा येत होती. अडीच वर्षांनी कोणीतरी माझं ऐकत होतं.

सुपरवायझर बाईंचा आवाज निवळला. त्या म्हणाल्या, ठीक आहे, अभ्यास होता हे मान्य. पण पालकांचं समाधान व्हायला हवं. सतरा नंबर कोण, एवढं सांगा, आम्ही त्या घरी बोलू, आणि विषय संपेल. नाही सांगितलं तर मला हे वर न्यावं लागेल.

"हां, बस नाम बता दीजिए," ॲडमिन बाई म्हणाल्या.

मी म्हणाले, ते नाव मलाही माहीत नाही, आणि माझी मुलगी ते सांगणार नाही. मला तेव्हा तिचा केवढा अभिमान वाटला होता. मी पुढे म्हणाले, "ज्या मुलाला अख्ख्या वर्गात कोणी निवडलं नाही, त्याचं नाव असं चारचौघांत घ्यायचं नसतं. त्याला काय वाटेल याचा विचार करा. त्याच्या आईला काय वाटेल?"

लेक दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर बॅग घेऊन. तिनं बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून घडी केलेला कागद काढला, उठून टेबलावर ठेवला आणि बोटानं खालची ओळ दाखवली.

"सेव्हन्टीन इज मी, मॅम."

मी नकाशाकडे बघितलं. दुसरीकडे कुठे बघायचं मला सुचलं नाही. आजवर मी फक्त सतराकडे येणारे बाण शोधले होते. सतराकडून निघणारे बघितलेच नव्हते. ते तीन होते, इतरांसारखेच, पट्टीनं काढलेले. त्यातला एक सरळ चार नंबरकडे जात होता, ॲडमिन बाईंच्या मुलीकडे. फोटो तिनंच काढला होता, हे नंतर कळलं.

"ओह, बेटा," ॲडमिन बाई म्हणाल्या. आदल्या दिवशी ग्रुपवर त्या जे जे बोलल्या होत्या, त्यातलं काहीच मला इतकं लागलं नव्हतं. लेक पुन्हा जाऊन खुर्चीत बसली आणि बॅग मांडीवर घेतली.

मग सगळं फार लवकर झालं. लेकीवर कारवाई नाही. विषय बदलायचा. नकाशा आणि यादी शाळेच्या फायलीत राहील. समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा भेटतील. आज तिला घरी घेऊन जा, उद्यापासून वर्ग. सगळ्या फार गोड बोलत होत्या. ज्या भीतीनं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यातलं काहीच झालं नाही. मी नवऱ्याला मेसेज केला, मिटलं. त्यानं हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली.

टॅक्सी मिळेना म्हणून आम्ही रस्त्यावरच्या एसी बसस्टॉपमध्ये जाऊन बसलो. काचेचा तो डबा, आत आम्ही दोघीच. तिनं आपली बॅग बाकावर माझ्या आणि तिच्या मध्ये ठेवली. बाहेर ऊन रणरणत होतं.

माझ्याकडे तुकडे सगळे होते. वाढदिवसाला कोणी बोलावत नव्हतं. तिचा फोन कधी वाजत नव्हता. बसमधून उतरणारी ती शेवटची असायची, तीही एकटी. डबा मात्र रोज रिकामा परत यायचा, म्हणून मी निवांत होते. दुसऱ्यांच्या शाळांमधले असले तुकडे मी तिला पंधरा दिवस जुळवून दाखवले होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

ती इंग्रजीत म्हणाली की तू त्या दिवशी इतकी खूश होतीस, आई. इथे आल्यापासून तुला तसं बघितलंच नव्हतं. मला ते घालवायचं नव्हतं. मग काचेतून बाहेर बघत मराठीत म्हणाली, "आणि तूच म्हणालीस ना, त्याच्यापासून लांबच बसत जा."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही, आणि तिनंही न बघितल्यासारखं केलं नाही. तिनं बॅगेतून टिश्यू काढून दिला. माझ्या जिभेवर आणखी एक लेक्चर तयार होतं, की एकटं असणं म्हणजे धोकादायक असणं नव्हे, की चूक माझी होती, की आयसोलेट हा नुसता एक शब्द आहे. ते मी गिळलं. मधली बॅग उचलून मांडीवर घेतली आणि सरकून तिच्याजवळ बसले. ती जागची हलली नाही.

आमची बस आली, थांबली, दार उघडलं. आम्ही दोघी उठलो नाही. दार बंद झालं, ती गेली.

"डबा कुठे खातेस गं?" मी विचारलं.

"लायब्ररीच्या मागच्या स्टेअर्सवर."

"कधीपासून?"

"नाइन्थपासून," ती म्हणाली.